बिनगजाची खिडकी

“वैनी, कुलपाला हात लावू नका. पाया पडतो तुमच्या, पण हात लावू नका.”

मेंबर दोन्ही हात पसरून दवाखान्याच्या दारात उभे होते. त्यांच्या मागे नवंकोरं दार, दाराला पितळी कुलूप, कुलपावरून ताणून बांधलेली लाल फीत आणि फितीच्या मधोमध झेंडूचा गोंडा. माझ्या हातात दगड होता. पायरीवर माझी सून अश्विनी भिंतीला धरून बसली होती. सिस्टर तिच्यापुढे गुडघ्यावर होती. सिस्टर मान वर न करता म्हणाली, “आजी, बाळ उलटं आहे. पाय खाली आहेत. मला आतला टेबल पाहिजे, पाणी पाहिजे. इथं धुळीत असलं बाळंतपण मी करणार न्हाई.”

“ऐकलं का भाऊजी?” मी म्हणाले. “सरका.”

“ऐकलं. पण इमारत अजून आरोग्य खात्याकडं आली न्हाई, वैनी. बांधकामाकडं आहे. उद्या फीत कापली की मंग ती आरोग्याकडं येती. आज कुलूप तोडलं तर ते कोणाकडंच येत न्हाई.”

माणूस गेला की लोक त्याच्याबद्दल गोड बोलतात. मला जमत नाही. मेंबर कसे होते असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते, की माझी सून पायरीवर कण्हत होती आणि हा माणूस मला इमारत कोणाकडे येते ते समजावून सांगत होता.

नात्याने ते माझे चुलत दीर. आमचं गाव हसनाबादच्या पुढे, आडरस्त्याला. तिथून जिल्हा परिषदेवर निवडून गेलेले ते एकटेच, म्हणून त्यांचं नाव गावाने टाकून दिलं आणि मेंबर ठेवलं. त्यांची स्वतःची आईसुद्धा म्हणायची, “मेंबर, जेवायला चला.” तरुणपणी ते तालमीत होते. पाठ इतकी रुंद की देवळाच्या खांबाला टेकून बसले तर खांब दिसत नसे. कुस्ती सुटली, पोट सुटलं, पाठ तेवढी राहिली. तिच्यावर खळ घातलेला पांढरा सदरा. तो सदरा मळू नये म्हणून मेंबर कोणाच्या घरी गेले तर उभ्यानेच चहा प्यायचे.

निवडून आल्यावर त्यांना शिकवणीला नेलं होतं. जिल्हा परिषदेची कामं कोणती, ती कशी करायची, हे नव्या मेंबरांना तिथे समजावतात म्हणे. बाकीचे काय शिकले माहीत नाही. आमच्या मेंबरांनी आपल्याकडे काय येत नाही तेवढं शिकून घेतलं. ते मात्र पाठ केलं. गावातून कोणीही तक्रार घेऊन गेलं की मेंबर डोळे मिटायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “ते आपल्याकडं येत न्हाई.”

शाळेचं छप्पर गळत होतं. “शाळा आपल्याकडं येती, बराबर. पण छप्पर फुटलं कशानं? लिंबाच्या फांदीनं. लिंब कोणाचा? वनखात्याला विचारा.” हापशाला पाणी येईना. “हापसा आपल्याकडं येतो, पाणी न्हाई. पाणी भूजलवाल्याकडं.” माझी गाय गाभण असताना आडवी पडली, तेव्हा मी स्वतः गेले. गुरांचा दवाखाना जिल्हा परिषदेचा, हे मला चौथी शिकलेल्या बाईलाही माहीत होतं. मेंबर म्हणाले, “दवाखाना आपला, डॉक्टर आपला. पण वैनी, डॉक्टर रजेवर आहे. आन् रजा आपल्याकडं येत न्हाई.” गाय वाचली, ती माझ्या मुलाने, दत्ताने, बदनापूरहून खाजगी डॉक्टर आणला म्हणून. मेंबर दुसऱ्या दिवशी गाय बघायला आले. दुरूनच बघितली, सदऱ्यासाठी.

काम होवो न होवो, नारळ फुटला पाहिजे, ही त्यांची दुसरी खोड. जीपमध्ये मागच्या सीटखाली नारळांचं पोतं असायचं. रस्ता मंजूर झाला की नारळ, खडी पडली की नारळ, खडी वाहून गेली आणि पुन्हा मंजूर झाला की पुन्हा नारळ. आमच्या रस्त्यावर खडीपेक्षा करवंट्या जास्त होत्या. मी एकदा चारचौघांत म्हणाले, “भाऊजी, रस्ता राहू द्या, नारळाचं झाड तरी लावा. सावली होईल.” माणसं हसली. मेंबरही हसले. चिडायचे नाहीत, हा त्यांचा गुण म्हणावा तर कातडी जाड होती म्हणून चिडायचे नाहीत.

दवाखान्याचं मात्र खोटं बोलणार नाही. तो त्यांनीच आणला. आमच्या गावची सिस्टर आधी समाजमंदिराच्या एका कोपऱ्यात बसायची. आडोशाला जुनी साडी. बायका पोटाची तपासणी करून घ्यायला लाजायच्या, कारण पलीकडे पत्ते चालू असायचे. मेंबर त्या एका इमारतीसाठी जालन्याला इतके खेटे घालत होते की त्यांच्या चपला झिजल्या. आम्हाला वाटलं, माणूस सुधारला. मग कळलं, की इमारतीच्या दर्शनी भिंतीवर कोनशिला बसते आणि तिच्यावर मेंबरचं नाव येतं. आधीच्या कोनशिलांवर कुठे त्यांचं नाव राहून गेलं होतं, कुठे अगदी खाली, जमिनीलगत, जिथे कुत्री थांबतात, तिथे आलं होतं. ही कोनशिला त्यांची होती.

इमारत बांधून झाली. सिस्टरला टेबल आला, टाकी आली, नळ आले, आणि सगळ्यावर कुलूप पडलं. का? तर उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते आणि पाहुण्यांना तारीख मिळत नव्हती. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ओट्यावर शेळ्या बसायच्या. सिस्टर समाजमंदिरातच, पत्त्यांशेजारी.

“उघडा ना ते,” मी त्यांना म्हणाले.

“उद्घाटनाबिगर कसं उघडता येईल, वैनी? बिनलग्नाची पोरगी सासरी धाडता का तुम्ही?”

“लग्नाची वाट बघता बघता पोरगी म्हातारी होऊन राह्यली, भाऊजी.”

“तुम्हाला न्हाई कळायचं. त्याची एक पद्धत असती.”

पद्धत खरंच होती. मेंबरांची मुदत संपायला आली होती, पुढची निवडणूक कधी होईल कोणालाच सांगता येत नव्हतं. ही त्यांची शेवटची फीत होती.

शिमगा तोंडावर असताना तारीख मिळाली. मग गावात काय धांदल! मंडप पडला, खुर्च्या आल्या. पाहुण्यांची गाडी आदळू नये म्हणून जो रस्ता इतकी वर्षं करवंट्यांवर चालला होता, त्याच्यावर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी डांबर पडू लागलं. आणि नेमकी त्याच दिवशी दुपारी अश्विनीच्या पोटात दुखायला लागलं. दिवस भरायला अजून वेळ होता, पण पोटातल्याला काय, तारीख लागते थोडीच.

दत्ताने अॅम्ब्युलन्सला फोन लावला. ती निघालीही, आणि आम्ही अश्विनीला गावातल्या टेम्पोत घालून तिच्या वाटेवर निघालो. पण पुलावर रोलर आडवा, त्याच्या पुढे उकळतं डांबर, दोन्ही बाजूंनी खोल चर. अॅम्ब्युलन्स पलीकडे अडकली, आमचा टेम्पो अलीकडे. रोलरवाला म्हणाला, “डांबर थंड झाल्याबिगर मशीन हलत न्हाई.” अश्विनीने माझ्या दंडात नखं रुतवली. मी दत्ताला सांगितलं, तू पायी पलीकडे जा आणि अॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरला शेतातून घेऊन ये. टेम्पोवाल्याला माघारी वळवला आणि सिस्टरला बोलावून सरळ दवाखान्याच्या पायरीशी आणला.

तिथे मेंबर होते. मंडपवाल्यांना खुर्च्या कशा लावायच्या ते सांगत होते. मला दगड उचलताना बघून धावत आले.

“किल्ली द्या मग,” मी म्हणाले.

“किल्ली तालुक्याला. उद्या ती ताटात घालून पाहुण्यांच्या हातात द्यायची आहे.”

“तर मग सरका.”

“वैनी, वापरलेल्या इमारतीत पाहुणे येतील का? उष्ट्या ताटावर पाहुणा बसवता का कधी? पाहुणे फिरले तर ही कोनशिला उघडणार कोण?”

कोनशिलेवर रेशमी पडदा होता. बोलताना त्यांची नजर तिकडेच होती. मला आजही वाटतं, की तेव्हा तो दगड कुलपावर न टाकता आधी त्या पडद्यावर टाकायला पाहिजे होता.

मी हात उचलला. अश्विनी ओरडली. साधं ओरडणं नव्हतं ते. मंडपवाल्यांच्या हातातल्या खुर्च्या तशाच राहिल्या. सिस्टर म्हणाली, “पाय दिसून राह्यला आजी. आता वेळ न्हाई.”

मेंबरांनी पसरलेले हात खाली घेतले. आणि भाषणाच्या आवाजात नाही, अगदी हळू म्हणाले, “मागं खिडकी आहे. तिला गज न्हाईत.”

मी थांबले. त्या इमारतीच्या प्रत्येक खिडकीला गज आहेत असंच सगळ्या गावाला वाटत होतं, पुढच्या बाजूने दिसायचे. मागे काट्याकुट्यांत कोण जाऊन बघणार? कंत्राटदाराने तिथले गज खाल्ले होते, वरून झडपा लावून टाकल्या होत्या आणि बिल पूर्ण उचललं होतं.

“तुम्हाला कसं ठाऊक?” मी विचारलं.

मेंबरांनी मागची वाट धरली. बोलायची गरज नव्हती. मंडपवाल्यांनी ऐकलं, टेम्पोवाल्याने ऐकलं, म्हणजे गावाने ऐकलं. एवढे दिवस त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. त्या कंत्राटदाराला मी रोज शिव्या देते, पण त्याने गज खाल्ले नसते तर माझी सून त्या पायरीवर मेली असती. आमच्याकडे चोरी झाली म्हणून माणूस वाचतो, काम झालं म्हणून नाही.

अश्विनीला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही मागे नेलं. खिडकी माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर. खाली बांधकामाची उरलेली खडी आणि वाळून दगड झालेले सिमेंटचे गोळे. मंडपाची प्लास्टिकची खुर्ची लावली, तिच्यावर सिस्टर चढली तर खुर्चीचा पाय मोडला. शिडी स्वागताची कमान बांधायला पुलाकडे नेलेली. मी मेंबरांकडे बघितलं. मला वाटलं आता हे सांगणार, शिडी कोणत्या खात्याकडे येते.

मेंबरांनी टोपी काढून खिशात घातली. मग त्या पांढऱ्या सदऱ्यासकट खिडकीखाली दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे खडीत टेकून ओणवे झाले.

“सिस्टर, चढा,” ते म्हणाले.

सिस्टर चढली, झडप ढकलून आत उतरली. आतून तिने हात पुढे केले. आता अश्विनी. आणि अश्विनी अडली. तिला धड उभंही राहता येत नव्हतं, ओठ दाताखाली धरलेला, तशात तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि म्हणाली, “मामांच्या पाठीवर पाय कसा देऊ?”

मेंबर तिचे चुलत सासरे. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यापुढे कधी उघड्या डोक्याने गेली नव्हती, त्यांच्या सावलीवरूनही बाजूला व्हायची. तिची चूक नाही. आम्हीच तिला तसं शिकवलं होतं.

मेंबरांची मान खाली होती. खडीकडे बघतच ते म्हणाले, “दे पोरी, बिलकुल दे. पाठ माझ्याकडं येती. जल्दी दे.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून अमुक गोष्ट माझ्याकडे येते, असं मी तेव्हा एकदाच ऐकलं.

अश्विनीने पाय दिला. मी खालून धरलं, सिस्टरने वरून ओढलं. ती आत गेली. तिच्यामागे मीही चढले. मी काही हलकी नाही. मेंबरांच्या तोंडून ‘हं’ निघालं, पण पाठ हलली नाही. तालमीतली पाठ होती. आयुष्यभर नुसती सदरा घालायला वापरली, त्या दिवशी तिची पायरी झाली.

आत काय झालं ते सगळं सांगत नाही. पाय आले, अंग आलं, खांदे आले, आणि डोकं अडलं. सिस्टरच्या कपाळावरचा घाम अश्विनीच्या पोटावर गळत होता. मी अश्विनीचं डोकं धरून होते आणि कोणत्याही देवाचं नाव मला आठवत नव्हतं. मग डोकं सुटलं. पोर निळं होतं, आवाज नव्हता. सिस्टरने त्याला पुसलं, चोळलं, तळव्यावर टिचक्या मारल्या. मग ते रडलं.

खिडकीबाहेरून आवाज आला, “वैनी, काय झालं?”

“पोरगी.”

“जिती आहे?”

“जिती आहे.”

“आन् अश्विनी?”

“तीपण.”

बाहेर कोणीतरी नाक ओढलं. मला वाटलं, माणूस रडत असेल. मग आवाज आला, “बरं झालं. आता उद्यापर्यंत पोरीला जरा गप ठेवा.”

दत्ता अॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरला घेऊन आला आणि ट्रॅक्टरची ट्रॉली खिडकीला लावली. डॉक्टरने आत येऊन दोघींना तपासलं, धोका नाही म्हणाला. पण टाके पडलेल्या बाळंतिणीला पुन्हा खिडकीतून बाहेर काढायचं नाही, असं सिस्टरने बजावलं. दत्ता म्हणाला, “मंग दार उघडा.” मेंबर म्हणाले, “उद्या उघडतं.” म्हणून आम्ही तिथेच राहिलो, समोर कुलूप आणि फीत लावलेल्या दवाखान्यात, मागच्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. आम्ही आतून ऐकत होतो. नारळ फुटला. कोनशिलेचा पडदा ओढला. टाळ्या. ग्रामीण भागातल्या माता-भगिनींसाठी कसा हा दवाखाना, यावर पाहुणे बोलले, त्यांच्याआधी मेंबर बोलले. फीत कापली, कुलूप निघालं, माणसं आत आली. आणि माझ्या नातीने सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असा टाहो फोडला.

“आत कोण रडतंय?” पाहुण्यांनी विचारलं.

मेंबर एक क्षणही अडखळले नाहीत. “लाभार्थी, साहेब.”

टाळ्या पडल्या. अश्विनी मला धरून पुढच्या दारातून बाहेर आली, ती थेट मेंबरांसमोर गेली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. वडीलधाऱ्याला पाय लागला होता, त्याचा नमस्कार होता तो. पण फोटोवाल्याला काय माहीत? दवाखाना मिळाल्याबद्दल लाभार्थी महिलेने आभार मानले, असं फोटोखाली छापून आलं. मेंबरांनी तो फोटो चौकट करून घरात लावला. त्यात ते थोडे वाकलेले दिसतात. लोकांना ती नम्रता वाटली. पाठ धरली होती, ती पुन्हा कधी सरळ झाली नाही.

पुढे मुदत संपली. निवडणूक झाली नाही, जिल्हा परिषदेत प्रशासक बसला. आता लोक तक्रार घेऊन गेले की मेंबरांना ‘ते आपल्याकडं येत न्हाई’ म्हणायचीही सोय उरली नाही, कारण आता काहीच त्यांच्याकडे येत नव्हतं. तरी ते पारावर बसून कोणतं काम कोणाकडे येतं ते सांगायचे. त्यांच्या भाषणांत नळ होते, खोल्या होत्या, समाजमंदिर होतं. खिडकी कधी आली नाही. मी एकदा म्हणाले, “एक काम केलं आयुष्यात, ते तेवढं सांगत न्हाई तुम्ही.” तर म्हणाले, “वैनी, ते मेंबरच्या कामात येत न्हाई.”

गज अजून बसले नाहीत. मी सिस्टरला सांगितलं आहे, बसवू देऊ नकोस.

मेंबर गेल्या उन्हाळ्यात गेले. छातीत कळ आली, जालन्याला नेईपर्यंत संपलं. स्मशानात सावलीला पत्र्याची शेड करा म्हणून बायकांनी त्यांना कितीदा सांगितलं होतं. “स्मशान ग्रामपंचायतीकडं येतं,” असं तेच म्हणायचे. त्यांना भर उन्हात उघड्यावर जाळलं. माणसं लिंबाखाली जाऊन उभी राहिली. अश्विनी पोरीला कडेवर घेऊन दुरून बघत होती, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला.

नात आता अंगणवाडीत जाते. तिचं नाव आम्ही ठेवलं गौरी, गाव तिला लाभार्थी म्हणतं. दवाखान्याच्या कोनशिलेवर पाहुण्यांचं नाव आहे, साहेबांची आहेत, मेंबरांचं आहे, कंत्राटदाराचंही आहे. त्या दिवशी त्या खिडकीतून आत गेलेल्यांपैकी एकीचंही नाही. अश्विनी जिवंत आहे. पोरगी जिवंत आहे.